पैसा कुठून आला, हे कुणी विचारले नाही

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाला आम्ही 'खलपात्राची घडण' हा निबंधविषय दिला होता. अपेक्षेप्रमाणे बहुतेकांनी इयागो, शकुनी, हीथक्लिफ अशी मान्यताप्राप्त माणसे निवडली. एका विद्यार्थ्याने मात्र अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतल्या 'मिलियन डॉलर मॅन' या पात्रावर लिहिले. निबंध नेटका होता, निरीक्षणे ताजी होती. तरीही आम्ही त्याला बेताचेच गुण दिले आणि समासात शेरा लिहिला, 'पात्राला भूतकाळ नाही. संपत्तीचा उगम संहितेत नाही. त्यामुळे विश्लेषणाला आधार उरत नाही.' हा शेरा लिहिताना आमच्या मनात काही शंका नव्हती. पुढे ती आली, आणि वाढत गेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शेऱ्याची जाहीर दुरुस्ती आहे.

कुस्ती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तालीम, लाल माती आणि जत्रेतला फड येतो. इथे अभिप्रेत आहे ती दुसरी कुस्ती. जिचा निकाल आधी ठरलेला असतो आणि जिच्यात प्रत्येक मल्ल हा एक नटही असतो. तिची टिंगल करणे सोपे आहे. पण रोलाँ बार्थने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकाचा आरंभच पॅरिसमधल्या अशा कुस्तीवरच्या निबंधाने केला होता, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. बार्थचा मुद्दा थोडक्यात असा : हा खेळ नव्हे, हे दृश्यनाट्य आहे, इथे प्रत्येक खूण तत्क्षणी आणि पूर्णपणे वाचता आली पाहिजे, मल्लाचे शरीर पाहताच तो नीच आहे की सज्जन, हे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळले पाहिजे. अशा कलाप्रकारात भूतकाळाची गरजच काय, असे कुणी म्हणेल. परंतु बार्थने पाहिलेली कुस्ती त्या संध्याकाळपुरती होती. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने तिला दर आठवड्याची दूरचित्रवाणी मालिका केले. मालिका म्हटली की काळ आला, आणि काळ आला की 'यापूर्वी काय घडले' हा प्रश्न विचारायला जागा झाली. म्हणूनच तो प्रश्न एका विशिष्ट पात्राबाबत विचारला गेला नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण ठरते.

पात्राची ओळख करून देणे भाग आहे. टेड डिबियासी हा मल्ल १९८७ साली 'मिलियन डॉलर मॅन' म्हणून अवतरला. नाव त्याचे स्वतःचेच होते. श्रीमंती मात्र कल्पित. या पात्राची कल्पना मालक व्हिन्स मॅकमहॉन यांची. मॅकमहॉन स्वतः मल्ल असते तर त्यांनी हीच भूमिका केली असती, असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे डिबियासीने पुढे अनेकदा नमूद केले आहे. डॉलरच्या चिन्हांनी मढलेला चकाकता कोट, दिमतीला व्हर्जिल नावाचा कृष्णवर्णीय अंगरक्षक-वजा-नोकर, आणि ओठांवर एकच सिद्धांत : प्रत्येक माणसाची काही ना काही किंमत असते. त्याचा परिचय करून देणाऱ्या छोट्या चित्रफितींत तो पैसे चारून सार्वजनिक जलतरण तलाव मुलांकडून रिकामा करून घेतो आणि एकटा पोहतो. एका कार्यक्रमात त्याने प्रेक्षकांतल्या एका लहान मुलाला सांगितले की, बास्केटबॉल सलग पंधरा वेळा टप्पे देऊन दाखव, रोख बक्षीस मिळेल. मुलगा मन लावून टप्पे देत गेला. अखेरच्या टप्प्याला डिबियासीने चेंडू लाथाडला आणि वर उपदेश केला की, काम नीट केले नाही तर पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या एका कार्यक्रमात त्याने एका तरुणाकडून शंभर डॉलरला स्वतःच्या पायाचे चुंबन घेववले. तो तरुण पुढे रॉब व्हॅन डॅम या नावाने स्वतःच मोठा मल्ल झाला.

मग त्याने विजेतेपदच विकत घ्यायचे ठरवले. हल्क होगनने पट्टा विकायला नकार दिला. तेव्हा त्याने आंद्रे द जायंट याला हाताशी धरले. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी तीन कोटींहून अधिक अमेरिकी प्रेक्षकांसमोर आंद्रेने होगनला हरवले. खांदे वेळेत उचललेले असूनही होगन बाद ठरवला गेला, कारण पंचाच्या जागी हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा माणूस उभा होता. प्रत्यक्षात ते दोघे जुळे भाऊ. आंद्रेने लगेच पट्टा डिबियासीच्या हवाली केला. कथानकातले अध्यक्ष जॅक टनी यांनी हा व्यवहार रद्द करून पद रिक्त ठरवले. त्याच वर्षी २७ मार्च रोजी अटलांटिक सिटीत भरलेल्या चौथ्या 'रेसलमेनिया'तल्या स्पर्धेत डिबियासी अंतिम फेरीपर्यंत गेला आणि रँडी सॅव्हेजकडून हरला. जिंकता आला नाही, विकतही मिळाला नाही, म्हणून १९८९ साली त्याने स्वतःसाठी रत्नजडित असा वेगळाच पट्टा घडवून घेतला.

एवढे सगळे दाखवले गेले. दाखवले गेले नाही ते एकच : हा पैसा आला कुठून? तेल, जमीन, शेअर बाजार, वारसा, तस्करी, यांपैकी कशाचाही माग कथानक घेत नाही. उन्हाळ्यात हायनिस पोर्ट, हिवाळ्यात पाम बीच, असे धनिकांचे प्रसिद्ध पत्ते त्याच्या नावापुढे घोषित होत; पण पत्ता म्हणजे इतिहास नव्हे.

हा योगायोग म्हणून सोडून देण्याआधी भोवतालची इतर पात्रे पाहावीत. त्या वर्षांतली डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणजे जणू व्यवसायांची जंत्री होती. कुणी न्हावी, कुणी जॉर्जियातल्या तुरुंगाचा पहारेकरी, कुणी थकलेल्या हप्त्यांपायी गाड्या उचलून नेणारा, पुढे तर कुणी कचरा गोळा करणारा. प्रत्येक माणूस काय काम करतो, हे त्याच्या कपड्यांवरून कळे. या अलुतेदारीत एकच माणूस असा, की ज्याला कोणतेच काम नाही. १९८९ साली त्याच कंपनीत डस्टी ऱ्होड्स आला. 'नळजोडणी करणाऱ्याचा मुलगा' ही त्याची बिरुदावली. त्याच्या परिचयाच्या चित्रफितींत तो नळ दुरुस्त करतो, घरोघर पिझ्झा पोहोचवतो. दोन्ही परिचय शेजारी ठेवून पाहिले की रचना उघड होते. सामान्य माणसाचा नायक आपल्याला श्रम करताना भेटतो. धनवान खलनायक खर्च करताना. डिबियासीच्या हातात पैसा येताना आपण कधीही पाहत नाही. पैसा त्याच्या हातातून केवळ जातो, आणि कितीही गेला तरी कमी होत नाही.

यावर सर्वांत सरळ उत्तर असे की, लेखकांना गरजच वाटली नाही. दहा मिनिटांच्या लढतीसाठी वंशावळ कोण लिहील? हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच लेखकांनी डस्टीचा बाप काय करीत होता हे सांगायला वेळ काढला होता. कुणाचा भूतकाळ सांगण्याजोगा आणि कुणाचा अनावश्यक, ही निवडही एक विधान असते. लेखकाने ते जाणीवपूर्वक केलेले नसले तरीही.

साहित्यात न सांगितलेल्या संपत्तीची परंपरा जुनी आहे. 'वुदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ तीन वर्षे नाहीसा होतो आणि पैसेवाला होऊन परततो. मधल्या काळात काय घडले हे एमिली ब्राँटी सांगत नाही. मात्र तिथे प्रश्न तरी पडतो. नेली आपल्याला ठाऊक नसल्याचे कबूल करते, लॉकवूड नाना तर्क लढवतो. शिवाय हीथक्लिफचे आधीचे दारिद्र्य आपण पाहिलेले असते, म्हणून ती रिकामी जागा दोन ज्ञात टोकांच्या मधली आहे. 'द ग्रेट गॅट्सबी'त पाहुणे यजमानाचीच दारू पिऊन त्याच्याविषयी अफवा पसरवतात, आणि अखेरीस अवैध मद्यविक्रीचे सूत्र हाती लागते. 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये सर टॉमस बर्ट्रम यांच्या घराला अँटिग्वातल्या मळ्यांचा आधार आहे, आणि त्या मळ्यांचा अर्थ काय, याकडे एडवर्ड सैद यांनी १९९३ साली लक्ष वेधले तेव्हा त्या कादंबरीचे वाचनच बदलले. म्हणजे या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारणारा आहे. पात्र असेल, निवेदक असेल किंवा दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आलेला समीक्षक असेल. डिबियासीच्या विश्वात विचारणारा कुणीच नाही. होगन विचारत नाही, समालोचक विचारत नाहीत, अध्यक्ष महाशय विचारत नाहीत. १९९१ साली त्या विश्वात चक्क एक करअधिकारी आला. अर्विन आर. शायस्टर हे त्याचे नाव. आद्याक्षरे जुळवली की अमेरिकी करखात्याचे नाव निघते. हा गृहस्थ लढतीपूर्वी प्रेक्षकांना करबुडवे म्हणून दरडावत असे. पण १९९२ साली त्याची जोडी जमली ती डिबियासीशी, 'मनी इन्कॉर्पोरेटेड' या नावाने. सगळ्या गावाचा हिशेब मागणारा माणूस ज्याचा हिशेब सर्वांआधी मागायला हवा, त्याच्याच खांद्याला खांदा लावून लढत होता. लेखकांनी हे विनोद म्हणून केले असावे. आम्हाला तो त्यांच्या अपेक्षेहून खोल गेलेला वाटतो.

आता आमचे मत मांडतो. या पात्राचे मौन ही रचनेतली उणीव नाही. तेच या पात्राचे बळ आहे. समजा, दुसऱ्याच आठवड्यात कुणी सांगितले असते की, याने अमुक कंपनी बुडवून पैसा केला. तत्क्षणी पात्र लहान झाले असते. प्रेक्षकाला एक ठरावीक गुन्हा मिळाला असता, त्या गुन्ह्यावर राग काढता आला असता, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक स्वतः त्यातून सुटला असता. मी काही कंपनी बुडवलेली नाही, असे त्याला म्हणता आले असते. उगम सांगितलाच नाही, म्हणून लक्ष वळले ते पैशाच्या परिणामाकडे. हा माणूस वाईट आहे की नाही, हे पहिल्याच मिनिटाला ठरते. खरा ताण असतो तो समोरच्या माणसावर. मुलगा टप्पे देईल का? तरुण वाकेल का? आंद्रे विकला जाईल का? डिबियासीचा प्रत्येक प्रसंग त्याच्यापेक्षा इतरांची परीक्षा अधिक घेतो. आणि त्या सभागृहात तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला मनातल्या मनात उत्तर द्यावे लागते की, शंभर डॉलरला मी काय केले असते?

म्हणूनच नकाराचे प्रसंग इतके झळाळतात. १९८८च्या अखेरीस त्याने हर्क्युलीस नावाच्या मल्लाला त्याच्या व्यवस्थापकाकडून 'गुलाम' म्हणून विकत घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा हर्क्युलीसने ते धुडकावले. १९९० साली जेक रॉबर्ट्सने पळवलेला रत्नजडित पट्टा परत आणायला बिग बॉस मॅन या तुरुंगरक्षकाला नेमण्यात आले. त्याने पट्टा असलेली पिशवी मिळवली. परंतु या कामासाठी पैसा दिला गेला आहे हे कळताच पैसे नाकारले आणि पिशवी रॉबर्ट्सला परत केली. तोवर खलनायक असलेला हा पहारेकरी एका नकाराने नायक झाला. उलट त्याच वर्षी डस्टीची साथीदार सफायर भेटवस्तूंना भुलून डिबियासीकडे गेली, तेव्हा प्रेक्षकांना बसलेला धक्का कोणत्याही पराभवाहून मोठा होता. प्रत्येकाची किंमत असते हा सिद्धांत कधी खरा ठरे, कधी खोटा. या अनिश्चिततेवर ते पात्र नऊ वर्षे टिकले.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा : उगम लपवला की संपत्ती नैसर्गिक वाटू लागते. पाऊस पडतो, डोंगर उभा असतो, तसा श्रीमंत माणूस श्रीमंत असतो. आपल्याकडच्या 'सामना' या चित्रपटाशी तुलना करावी. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात हिंदुराव पाटलाची सत्ता कशावर उभी आहे हे आपल्याला दिसते; साखर कारखाना दिसतो, माणसे दिसतात; आणि गावात आलेला एक मद्यपी मास्तर नाहीशा झालेल्या एका माणसाविषयी विचारायचे थांबत नाही. निळू फुल्यांच्या पाटलाला भूतकाळ आहे, कारण श्रीराम लागूंचा मास्तर तो उकरतो. डिबियासीला मास्तर भेटला नाही. मग त्याचे मौन धनिकांच्या सोयीचेच ठरत नाही काय?

हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. तो पूर्ण मान्य करण्याच्या आड येतो व्हर्जिल. डिबियासीचा पैसा कुठून आला, हे कथानक सांगत नाही. पण तो पैसा कुणाच्या पाठीवर उभा आहे, हे प्रत्येक प्रसंगात चौकटीच्या एका कडेला दिसत राहते. गोरा मालक आणि त्याचे जोडे पुसणारा, नोटांची पुडकी सांभाळणारा, मालकाच्या वाटचा मार खाणारा कृष्णवर्णीय नोकर. हे चित्र अमेरिकी प्रेक्षकांसमोर ठेवल्यावर उगमाविषयी वेगळे काही सांगायचे उरते का? कथानकाने उच्चारलेले नाही ते त्या चित्राने उच्चारले. हे चित्र उभे करणाऱ्यांनी ते टीका म्हणून उभे केले की निव्वळ सवयीने, याबद्दल वाद होऊ शकतो, आणि त्याचे श्रेय कंपनीला देण्याची घाई आम्ही करणार नाही. परंतु १९ जानेवारी १९९१ रोजी 'रॉयल रंबल'मध्ये जे घडले त्याचा अर्थ याच पार्श्वभूमीवर लागतो. लढत संपल्यावर डिबियासीने हुकूम सोडला की, पट्टा माझ्या कमरेला बांध. व्हर्जिलने पट्टा खाली टाकला. पुन्हा दमदाटी झाली. व्हर्जिलने तो उचलला आणि मालकाच्या तोंडावर हाणला. त्याच ऑगस्टमध्ये 'समरस्लॅम'मध्ये त्याने तो पट्टा जिंकला. विचारणारा मास्तर नव्हता हे खरे. पण हिशेब मागणारा नोकर होता. व्हर्जिल रंगवणारे माइक जोन्स २०२४ साली वारले, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांना आठवला तो हाच क्षण.

मौनाचे बळ पटायचे असेल तर बोलक्या श्रीमंतांकडे पाहावे. २००४ साली जॉन ब्रॅडशॉ लेफील्ड हा मल्ल टेक्सासचा धनाढ्य म्हणून नव्याने आला. त्याचा पैसा शेअर बाजारातला. प्रत्यक्षातही तो माणूस गुंतवणुकीवर बोलत असे, लिहीत असे. सगळे स्पष्ट. परिणामी तो बढाईखोर वाटतो, चीड आणतो, पण गूढ वाटत नाही. त्याहून बोलके उदाहरण २०२१चे आहे. कॅमरन ग्राइम्स हे पात्र त्या वर्षी गाजलेल्या गेमस्टॉपच्या शेअरमधून रातोरात श्रीमंत झाल्याचे दाखवले गेले, आणि त्याला खिजवायला साठी ओलांडलेला डिबियासी स्वतः अवतरला. ग्राइम्स जिथे उधळपट्टी करायला जाई, तिथे म्हातारा आधीच पोहोचलेला असे, आणि आपले ते जुने हास्य करी. या प्रसंगांत हसू कुणाचे होते? ज्याचा पैसा कुठून आला हे ठाऊक होते, त्याचे. ज्याचे ठाऊक नव्हते तो चौतीस वर्षांनंतरही हसणाराच राहिला. समाजातही बहुधा असेच असते. नवश्रीमंताच्या कहाणीवर आपण विनोद करतो. जुन्या श्रीमंताच्या फाटकाशी आवाज खाली आणतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला निबंध तपासताना ठाऊक नव्हती. ज्या नटाने हे भूतकाळहीन पात्र रंगवले, त्याला स्वतःला भूतकाळ होता, आणि तो भरपूर होता. आई हेलन हिल्ड स्वतः कुस्ती खेळत असे. ज्याने त्याला दत्तक घेतले तो बाप माइक डिबियासीही मल्ल. १९६९च्या जुलैत टेक्सासमधल्या लबक इथे लढत चालू असतानाच बापाला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. टेड तेव्हा पंधरा वर्षांचा होता. नायकाची पार्श्वकथा म्हणून याहून अधिक काय हवे? 'मिलियन डॉलर मॅन' घडवताना हे सगळे बाजूला ठेवले गेले. ठेवावेच लागले, कारण ज्याचा बाप आखाड्यात मेला हे प्रेक्षकाच्या मनात ताजे आहे, त्याचा द्वेष करणे अवघड जाते. दुःख सांगितले की माणूस आपला होतो. गेल्या दोन दशकांत गाजलेल्या चित्रपटांनी आणि मालिकांनी प्रत्येक खलनायकाला दुखावलेले बालपण देण्याचा जो सपाटा लावला आहे, त्यामागे हीच युक्ती आहे. आमच्या समासातल्या शेऱ्यामागेही, नकळत, हीच अपेक्षा होती. भूतकाळ म्हणजे खोली, असे आम्ही गृहीत धरले होते. इयागोच्या दुष्टाव्याला पुरेसे कारण सापडत नाही, हे कोलरिजने टिपून दोनशे वर्षे होऊन गेली, आणि ते आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. तरीही एका मल्लाकडे वळताच आम्ही ते विसरलो.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. त्याला हे पात्र कुठे भेटले, असे आम्ही तोंडी परीक्षेत कुतूहलाने विचारले. आतेभावाकडून त्याला लहानपणी मल्लांच्या चित्रांचे जुने पत्ते मिळाले होते. नव्वदच्या दशकात केबल आल्यावर आपल्याकडच्या गल्लीबोळांत जे खेळले जात, तेच. त्यांवर उंची, वजन, छाती, दंड असे रकाने असत आणि ज्याचा आकडा मोठा तो पत्ता जिंके. पुढे त्याने फोनवर जुन्या लढती शोधून पाहिल्या. 'पत्त्यावर पैशाचा रकाना नव्हता, सर,' तो म्हणाला, 'असता तर एकच पत्ता सगळ्यांना जिंकला असता.' मग आमच्या शेऱ्याचा विषय निघाला. आम्ही आमची बाजू मांडली. त्याने ती ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाला, 'सर, मला दरवर्षी शिष्यवृत्तीसाठी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. आम्ही गरीब का आहोत, किती आहोत, कधीपासून आहोत, सगळं लिहून द्यावं लागतं. त्याला कुणी काही विचारत नाही, हे मला बघताक्षणी खरं वाटलं. म्हणून तर त्याच्यावर लिहिलं.'

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो जे सांगत होता ते त्याच्या निबंधात होतेच. आम्ही ते वाचले नव्हते. आम्ही संहितेत काय नाही ते मोजत बसलो होतो. ते नसणे कुणाला नेहमीचे आणि ओळखीचे वाटेल, हा प्रश्न आम्हाला सुचला नाही. अध्यापकाच्या खुर्चीवरून तो सहसा सुचत नाही, कारण त्या खुर्चीलाही कुणी दाखला मागत नाही.

साहित्याच्या वर्गात पार्श्वकथेचा आग्रह धरणाऱ्या आम्हा सर्वांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. एखाद्या पात्राचा भूतकाळ सांगितलेला नसेल, तर त्याला सपाट म्हणण्याआधी, त्याच संहितेत इतर कुणाकुणाचा भूतकाळ सांगितला आहे, याची यादी करावी. यादीत नळजोडणी करणारे, पहारेकरी, कचरा उचलणारे असतील आणि एकटा धनिक नसेल, तर ती जागा रिकामी नाही असे समजावे. तिथे काय आहे, हे आपल्या वर्गातले काही विद्यार्थी आपल्यापेक्षा बरे सांगू शकतील.

त्या निबंधाचे गुण आम्ही वाढवले आहेत. समासातला शेरा खोडून टाकला नाही. त्याच्याखाली तारखेसह दुसरा लिहिला आहे.